गाडी लोन ट्रीला, पुढे पायी: कायोटी ब्यूट्स साउथच्या एका दिवसाचं प्रकरण

एप्रिलच्या मध्यावर अ‍ॅरिझोनातल्या पेज गावात चौघं मोटेलच्या खोलीत नकाशा पसरून बसलेत. हातात उद्याचं कायोटी ब्यूट्स साउथचं, म्हणजे वाळवंटातल्या रंगीत खडकांच्या एका राखीव भागाचं, परमिट आहे. दारात भाड्याची एसयूव्ही उभी आहे: ऑल-व्हील ड्राइव्ह, पोटाखाली जेमतेम 20 सेंटीमीटर जागा, टायर डांबरी रस्त्याचे. भाड्याच्या करारात देखभाल नसलेल्या वाटांवर गाडी घालायला मनाई आहे. परमिट दिवसाला फक्त 20 जणांना मिळतं, त्यामुळे ते सोडवत नाही. आणि जिथे जायचं तिथली शेवटची वाट खोल वाळूची आहे. गाडी घालायची, बेत रद्द करायचा, की चालत जायचं?

या प्रकरणातली जागा, अंतरं आणि नियम खरे आहेत. माणसं नमुन्यादाखल धरली आहेत. फिनिक्सला राहणारं जोडपं, बायकोचा धाकटा भाऊ, आणि पुण्याहून आलेले तिचे बाबा. बाबांचं वय 62, राजगड-तोरणा कितीदा केला ते मोजणं सोडून दिलेले.

आमचं मत आधीच सांगतो. अशी गाडी असेल तर इथे चालतच जावं. मात्र गाडीतून उतरलं की दिवसाची मर्यादा टायरवरून पाण्यावर आणि घड्याळावर येते. तो हिशोब गाडीपाशी, ताज्या डोक्यानं करून ठेवावा लागतो. वाळूत चार तास चाललेल्या माणसाला तो नीट जमत नाही.

जागा आणि वाट

कायोटी ब्यूट्स हा व्हर्मिलियन क्लिफ्स नॅशनल मॉन्युमेंटचा भाग. 9 नोव्हेंबर 2000 रोजी हे मॉन्युमेंट जाहीर झालं. व्यवस्था ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे, म्हणजे बोलण्यात बीएलएमकडे. उत्तर भागात जगभर फोटोंतून पोचलेली 'द वेव्ह', लाटेसारखी खडकाची घडण, आहे. दक्षिण भागाला तेवढं नाव नाही, पण खडक तोच: नवाहो सँडस्टोन. ज्युरासिक काळाच्या सुरुवातीच्या वाळवंटातल्या टेकड्या एकावर एक साचून, दबून दगड झाल्या. वाऱ्यानं रचलेले तिरके थर अजून स्पष्ट दिसतात. लाल-पिवळा-गुलाबी रंग लोहाच्या संयुगांचा. जिथे भूजलानं लोह धुऊन नेलं तिथे खडक पांढरट उरला.

दक्षिण भागाला दोन दारं आहेत. पश्चिमेचं पॉ होल: शंकूच्या आकाराच्या, टीपी तंबूंसारख्या सुळक्यांचा पुंजका. पूर्वेच्या अंगाला कॉटनवुड कोव्ह: पसारा मोठा, रंग जास्त, आकार विचित्र. बहुतेकांना मनातून कॉटनवुडच पाहायचं असतं. गाडीनं तिथे जायचं तर दक्षिणेकडून लांबचा वळसा घालून, पॉव्हर्टी फ्लॅटच्या जुन्या रँचवरून, मैलोन् मैल वाळूतून जावं लागतं.

या सगळ्याला जोडणारा हाउस रॉक व्हॅली रोड उत्तरेच्या यूएस 89 महामार्गापासून दक्षिणेच्या यूएस 89ए पर्यंत सुमारे 30 मैल जातो. कच्चा पण घडवलेला रस्ता. कोरडा असला तर साधी गाडीही जपून चालते. ओला झाला की चिकणमाती टायरला लिंपते आणि मग फोर-व्हील ड्राइव्हचाही उपयोग राहत नाही. उत्तरेकडून येताना वायर पासचा वाहनतळ साधारण साडेआठ मैलांवर लागतो, आणि त्याच्या पुढे सात-आठ मैलांवर लोन ट्रीचा वाहनतळ. तिथून पूर्वेला पॉ होलची वाट फुटते, अंतर अडीच मैल, म्हणजे 4 किलोमीटर. बीएलएम स्वतःच सांगतं की दणकट फोर-व्हील नसेल तर गाडी लोन ट्रीला ठेवा आणि चाला.

गाडी का नाही

लोन ट्रीपासून थोडं आत जाऊन मूठभर वाळू उचलावी. बारीक रव्यासारखी, गोल दाण्यांची, बोटांच्या फटींतून धारेनं गळते. दाण्याला कोपरे नाहीत, त्यामुळे एकात एक अडकत नाहीत. अशा वाळूवर चाक फिरलं की ते पुढे जाण्याऐवजी खाली खणतं.

टायर जमिनीवर साधारण त्याच्या आतल्या हवेइतकाच दाब टाकतो. 35 पीएसआयचा टायर छोट्या जागेवर सगळा भार देतो आणि रुततो. हवा 15 ते 18 पर्यंत उतरवली की टायरचा जमिनीला टेकलेला पट्टा लांबतो, भार पसरतो. म्हणून वाळूतले लोक आधी हवा सोडतात. पण परत हवा भरायला कॉम्प्रेसर लागतो, आणि तो या चौघांकडे नाही. इतक्या कमी हवेवर खडीच्या रस्त्यानं डांबरापर्यंत वेगात आलं तर टायरच्या कडा तापून फाटतात. दुसरं असं की मोठ्या गाड्यांच्या चाकोऱ्यांमध्ये वाळूचा उंचवटा तयार झालेला असतो. 20 सेंटीमीटर उंचीची गाडी त्यावर पोट टेकून बसते आणि चाकं नुसती फिरतात. लोन ट्रीहून पॉ होलकडे चढ आहे, त्यामुळे वेग धरून निसटायची सोयही नाही. दुपारच्या उन्हात तीच वाळू आणखी सैल होते. सकाळी गार वाळूतून आत गेलेली गाडी दुपारी बाहेर येताना अडकते ती यामुळे.

टो करायला हजार डॉलरच्या वर सहज जातात, आणि बोलवायला फोनला रेंज नसते. या चौघांनी गाडीचा विचार इथेच सोडला.

आदल्या रात्रीचा हिशोब

अंतर असं. लोन ट्री ते पॉ होल 4 किलोमीटर. पॉ होलमध्ये फिरणं दीडेक. तिथून कॉटनवुड कोव्हपर्यंत आडवाटेनं, मुरडत, 4 च्या आसपास. तिथे फिरणं 2. परतीचे 8. एकूण साडेएकोणीस. सह्याद्रीतल्या माणसाला हा आकडा घाबरवत नाही, आणि धोका तिथेच आहे. मोजमापं सांगतात की तेवढ्याच वेगानं चालायला कठीण जमिनीपेक्षा कोरड्या वाळूत 2.1 ते 2.7 पट ऊर्जा लागते. म्हणजे वाळूतले 4 किलोमीटर अंगाला नऊ-दहासारखे लागतात. म्हणून वेग ताशी तीनच्या खालीच धरायचा.

वेळ असा बसवला. पॉ होलपर्यंत दीड तास. तिथे पाऊण तास. कॉटनवुडपर्यंत पावणेदोन तास, कारण वाट शोधण्यात वेळ जातो. कॉटनवुडमध्ये सव्वादोन तास. परत पॉ होल पावणेदोन तास. तिथून गाडी दीड तास. झाले साडेनऊ. एप्रिलच्या मध्यात इथे सूर्य अ‍ॅरिझोनाच्या घड्याळानं सकाळी सहाच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या सुमारास मावळतो. सकाळी पावणेसातला पाऊल टाकलं तर सव्वाचारला गाडी, आणि अंधारापूर्वी पावणेतीन तास हातात. ही शिल्लक ऐनवेळी खर्चायला ठेवलेली नाही. ती चुकीसाठी आहे.

त्यातून तीन वेळा कागदावर लिहिल्या. पॉ होल साडेनऊच्या आत सोडता आलं नाही तर कॉटनवुड रद्द. कॉटनवुडहून एकला माघार, समोर काहीही दिसत असलं तरी. आणि पेजमध्ये राहिलेल्या ओळखीच्या माणसाला सांगितलेली वेळ: रात्री नऊपर्यंत निरोप आला नाही तर कोकोनिनो काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला फोन. दक्षिण भाग अ‍ॅरिझोनात, कोकोनिनो काउंटीत येतो. शोध घेणाऱ्यांना गाडी लोन ट्रीला आहे आणि बेत पॉ होल ते कॉटनवुड आहे, एवढं माहीत असलं तर कित्येक तास वाचतात.

घड्याळाबद्दल एक गोष्ट इथे नवख्यांना हमखास नडते. उन्हाळी वेळ, म्हणजे घड्याळ एक तास पुढे करणं, युटा पाळतं, अ‍ॅरिझोना पाळत नाही. मार्च ते नोव्हेंबर पेज आणि युटातलं कनॅब या दोन गावांत एक तासाचा फरक असतो, आणि हाउस रॉक व्हॅली रोड राज्याची हद्द ओलांडतो. फोन ज्या टॉवरला चिकटेल त्या राज्याची वेळ दाखवतो; गजर एक तास आधी किंवा उशिरा वाजतो. फोनची आपोआप बदलणारी वेळ बंद करून ती फिनिक्सवर कायम करून टाकायची.

पाणी

वाळवंटात दिवसाला माणशी एक गॅलन, म्हणजे 3.8 लिटर, हा नेहमी सांगितला जाणारा किमान आकडा. दहा तासांच्या वाळूतल्या चालीला तो पुरत नाही. या गटानं ताशी अर्धा लिटर धरून 5, आणि हात न लावायचा 1, असे माणशी 6 लिटर घेतले. म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर 6 किलो नुसतं पाणी. एप्रिलमध्ये दुपारी वीस-बावीस अंश असताना हे पुरतं. मे संपताना पुरणार नाही.

सह्याद्रीची सवय इथे दोन प्रकारे फसवते. गडावर टाकं असतं, वाटेत वाडी लागते, निदान कुणीतरी ताक विचारतं. इथे भरवशाचं पाणी कुठेच नाही. लोन ट्रीला रिझर्व्हायर म्हणतात तो गुरांसाठीचा साठा. त्यावर विसंबू नये. दुसरी फसगत घामाची. आपल्याकडे शर्ट पिळून निघतो तेव्हा कळतं की पाणी प्यायला हवं. इथली हवा इतकी कोरडी की घाम त्वचेवर दिसायच्या आत उडून जातो. अंग कोरडं, वारा गार, आणि माणूस दोन लिटर मागे पडलेला असतो. बाबांना हे आदल्या रात्री दोनदा सांगावं लागलं, कारण चाळीस वर्षांत त्यांना तहानेनं कधी चकवलं नव्हतं. तोडगा साधा: दर वीस मिनिटांनी सगळ्यांनी थांबून चार घोट, तहान असो नसो.

नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही. मीठ गेलेलं असताना फक्त पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं उन्हाचंच आहे, म्हणून तो आणखी पाणी पितो. म्हणून सहापैकी एक लिटर जलसंजीवनीचा: लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. जोडीला खारे दाणे, चिक्की, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गोड बिस्किटं कोरड्या घशाखाली उतरत नाहीत.

गाडीत वेगळे 8 लिटर, एक दिवसाचं खाणं आणि चार पांघरुणं ठेवली. पाऊस आला तर माती वाळेपर्यंत गाडी जागची हलत नाही, आणि तेव्हा लोन ट्रीलाच मुक्काम पडतो.

सॅकमधलं बाकीचं

पायात बंद कातडी बूट, कारण जाळीच्या बुटांतून वाळू आत झिरपते. घोट्यावर गेटर, म्हणजे वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावरून बांधायचं वेष्टण. एक जोड मोजे जादा. काठ्यांना बर्फात लावतात त्या रुंद चकत्या, नाहीतर टोक वाळूत वीतभर जातं आणि काठीचा आधारच मिळत नाही. दोन फोनमध्ये ऑफलाइन नकाशा, दोन्ही विमान मोडवर, एक पॉवर बँक. कागदी नकाशा आणि होकायंत्र. इथे चुंबकीय उत्तर खऱ्या उत्तरेच्या साधारण 10 अंश पूर्वेला सरकलेली असते, तेवढी वजावट करायची. एक उपग्रह संदेशयंत्र. हेडलँप चार. परमिटची एक प्रत गाडीच्या काचेमागे, एक सॅकला बाहेरून दिसेल अशी.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे पाचला पेज सोडलं, साडेसहाला लोन ट्री. चालायला सुरुवात 6:50.

पहिल्या टप्प्यात वाट हरवायचा प्रश्न नाही, गाडीच्या चाकोऱ्या आहेत. वाळू सकाळची गार, थोडी घट्ट. पावलं छोटी, टाच न आपटता सपाट टाकायची. मागच्यानं पुढच्याच्या ठशात पाय ठेवायचा. पुढे चालणाऱ्याची दमछाक सगळ्यात जास्त, म्हणून दर दहा मिनिटांनी पुढचा माणूस बदलायचा. चाकोरीच्या बाहेर झुडपांमधली जमीन घट्ट दिसते आणि मोह होतो. तिथे जाऊ नये. ती काळसर, खडबडीत, भाजलेल्या पापडासारखी दिसणारी कातडी म्हणजे सूक्ष्मजीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी बांधलेली जिवंत माती आहे. तिच्यामुळे वाळू जागेवर राहते. एका पावलानं मोडते आणि भरून यायला कित्येक दशकं लागू शकतात. चालायचं ते वाळूच्या मोकळ्या पट्ट्यांतून, ओहोळाच्या तळातून किंवा नुसत्या खडकावरून.

पॉ होलला 8:30 झाले. दहा मिनिटं जास्त लागली होती. कारण भावाचे जाळीचे बूट. दोनदा थांबून वाळू झटकली, तरी टाचेला लाली आलीच. लाली दिसली त्याच क्षणी टेप लावली, ते योग्य झालं. फोड आल्यावर टेप लावून उपयोग नसतो. वाळूचा कण फोडाखाली गेला की पुढचे पंधरा किलोमीटर पाय ओढत काढावे लागतात.

इथे एका ठळक सुळक्याच्या सावलीला माणशी एक लिटर पाणी ठेवलं, जागा दोन्ही फोनवर नोंदली आणि फोटो काढला. परतीच्या वाटेचं पाणी उगाच पुढे वाहून न्यायचं नाही. फक्त ते नक्की परत उचलायचं, आणि न हात लावायचा सहावा लिटर कधीही असा ठेवून जायचा नाही.

पॉ होलमध्ये खडक जवळून पाहावा. थरांच्या कडेनं दोन-तीन मिलिमीटर जाडीचे पापुद्रे बाहेर आलेले असतात, ओळीनं, फणीच्या दात्यांसारखे. मऊ वाळूचा थर झिजला आणि मधला कठीण थर तसाच उभा राहिला. बोटानं दाबलं तरी कट् करून तुटतो. आपला बसाल्ट असं वागत नाही, त्यामुळे मराठी ट्रेकरचा पाय बेफिकीरपणे पडतो. जिथे असे पापुद्रे दिसतील तिथे वळसा घालायचा, फोटो राहिला तरी चालेल. वाटाण्यापासून लिंबाएवढ्या गोल, लोहाचं कवच असलेल्या गोट्या वाळूत विखुरलेल्या सापडतात. त्या खिशात घालायच्या नाहीत, कायद्यानं मनाई आहे.

9:20 ला पॉ होल सोडलं. साडेनऊच्या आत, म्हणून पुढे जाणं मंजूर.

चूक यापुढे झाली. कॉटनवुडकडे आखलेली वाट नाही, खुणा नाहीत. समोर वाळूत ताजे ठसे होते, आणि ते पूर्वेकडे जात होते. चौघं त्या ठशांवर चालत राहिले. पंधरा मिनिटांनी ठसे एका खडकाळ वाटीत उतरले आणि पलीकडे सात-आठ मीटरच्या उभ्या उतारापाशी संपले. ज्यानं ते उमटवले तो फोटो काढायला आला असणार आणि आल्या वाटेनं परत गेला असणार. सह्याद्रीत ढोरवाट चकवते तसे इथे ठसे चकवतात. ठसा एवढंच सांगतो की तिथून कुणीतरी गेलं. कुठे गेलं ते सांगत नाही.

इथे भावाची सूचना होती की उतार घसरत उतरू, सँडस्टोनला बूट चांगला चिकटतो. चिकटतो हे खरं, कोरडा असेल तर. पण घसरत उतरलेला टप्पा परत चढता येतोच असं नाही, आणि खाली पुढचा कडा असला तर माणूस दोन्हींच्या मधे अडकतो. नियम असा की उतरण्याआधी तोच टप्पा वर चढून दाखवता आला पाहिजे. शिवाय पावसानंतर एक-दोन दिवस या खडकाचा जोर निम्म्यावर येतो; पाणी दाण्यांमधला चुना-मातीचा जोड सैल करतं आणि हातातली पकड तुटून येते. बाबा उतारावर नाही म्हणाले, आणि सगळे मागे फिरले. गेली 35 मिनिटं.

त्यानंतर पद्धत बदलली. नकाशावर दिशा घ्यायची, त्या रेषेत दिसणारा दूरचा एक सुळका किंवा झाड निवडायचं, तिथपर्यंत जायचं, पुन्हा दिशा घ्यायची. आणि दर दहा मिनिटांनी मागे वळून फोटो. परत येताना हेच सुळके उलट्या बाजूनं आणि दुपारच्या उन्हात पाहायचे असतात. सकाळी ओळखीचा झालेला शंकू दुपारी परका वाटतो. मागे पाहून काढलेले फोटो तेव्हा कामाला येतात. दगडांची उतरंड रचून खुणा करायच्या नाहीत, त्या पुढच्या गटाला भलतीकडे नेतात.

कॉटनवुड कोव्हची कड 11:40 ला लागली. एकची माघार कायम होती. म्हणजे सव्वादोन तासांऐवजी सव्वा तासाच्या वर थोडीच मिनिटं. पसाऱ्याचा जेमतेम अर्धा भाग पाहून झाला. बरोबर 1 वाजता एका नव्या घळीच्या तोंडाशी उभं असताना पाय मागे वळवणं जड गेलं, पण वळवले. चुकीत गेलेला वेळ पाहण्यातून कापायचा. परतीतून कापायचा नाही.

परतीला वारा सुटला. वसंतात इथे दुपारी वारा जोर धरतो आणि सकाळचे आपलेच ठसे वाळूखाली जातात. फोनवरच्या नोंदी आणि फोटो यांवर पॉ होल 2:55 ला गाठलं. ठेवलेलं पाणी मिळालं. लोन ट्रीकडे पश्चिमेला चालताना सूर्य सरळ डोळ्यांत येतो. टोपीला पुढे मोठी झाप हवी. उतार असल्यामुळे सैल वाळूतही वेग बरा राहिला. गाडी 4:25. माणशी सरासरी साडेचार लिटर पाणी संपलं होतं, बाबांचं चार. त्यांच्या मूत्राचा रंग गडद झाला होता. गाडीत बसल्यावर मिठा-साखरेचं पाणी हळूहळू पाजलं.

एखाद्या गोष्टीत फरक पडला असता तर

पॉ होलपासून बिघाड झाला असता तर सुटका सोपी होती: पश्चिम धरायची, की उत्तर-दक्षिण जाणारा हाउस रॉक व्हॅली रोड आडवा लागतोच. पण ही युक्ती कॉटनवुडहून वापरायची नाही. मधे कडे आणि खडकांचे पट्टे आहेत. तिथून आल्या वाटेनं पॉ होललाच यायचं.

कुणी पॉ होलला थकलं असतं तर? एकट्याला सावलीत बसवून बाकीच्यांनी पुढे जाणं ही सगळ्यात वाईट निवड. चौघांनी पॉ होललाच दिवस काढावा. दुसरं उपग्रह यंत्र आणि वाट येणारे दोन जण असतील तरच दोन-दोन असे वेगळे व्हावं. उन्हानं थकलेला माणूस घामेजलेला, फिकट आणि मळमळलेला असतो. सावली, पाणी, पाय वर. बोलणं असंबद्ध झालं, चाल लटपटली, तर तो उष्माघात समजायचा: जागेवर कपडे सैल करून अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि लगेच उपग्रह यंत्रावर मदत मागायची. त्याला चालवत गाडीपर्यंत नेण्याचा विचार करू नये.

हाच बेत नोव्हेंबरच्या मध्यावर बसत नाही. दिवस सुमारे सव्वादहा तासांचा, साडेनऊ तासांच्या चालीला शिल्लक पाऊण तासाची. तेव्हा फक्त पॉ होल. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेही नाही. 2013 च्या जुलैत एकाच महिन्यात द वेव्हच्या वाटेवर उन्हानं तीन माणसं गेली, आणि ती वाट या वाटेपेक्षा छोटी आहे. त्याच महिन्यांत दुपारचे ढग फुटतात, ओहोळ क्षणात भरतात, आणि हाउस रॉक व्हॅली रोड उत्तरेला ज्या ओढ्यांमधून जातो ते ओलांडता येत नाहीत.

या चौघांनी दुसऱ्यांदा जायचं ठरवलं तर बदल दोनच. भावाला कातडी बूट. आणि जाताना पॉ होलमध्ये न रेंगाळता सरळ कॉटनवुड. पॉ होल परतीच्या वाटेवर आहेच, आणि तिरप्या दुपारच्या उन्हात त्या शंकूंचे थर सकाळपेक्षा उठून दिसतात.

लोन ट्रीहून निघण्याआधी टायर चारही बाजूंनी हातानं चाचपले, बूट बाहेर झटकले, वाहनतळावर कुणीतरी टाकलेली प्लास्टिकची बाटली उचलली. उत्तरेकडे निघाल्यावर हद्द ओलांडली तेव्हा गाडीतलं घड्याळ एका तासानं पुढे उडालं. फोन फिनिक्सवरच होता. यूएस 89 ला रेंज आल्याबरोबर पेजला निरोप गेला, ठरलेल्या वेळेच्या साडेतीन तास आधी.